शुक्रवारची कोंबडी

ज्या शुक्रवारी रंगाऱ्यांनी आमच्या बिल्डिंगच्या खिडक्यांवर प्लास्टिक लावलं, त्या शुक्रवारी मला कळलं की मावशींना ऐकू येत नाही.

मशीद खिडकीच्या समोर होती. दुपारची अजान झाली आणि संपली. खालच्या गल्लीतून माणसं नमाजाला गेली, त्यांच्या चपलांचा आवाज वर आला. मावशी ओट्यापाशी उभ्या होत्या. मैद्यात घोळवलेले कोंबडीचे तुकडे ताटात मांडलेले होते. कढईत तेल ओतलेलं होतं, पण गॅस पेटलेला नव्हता.

"आज अजान का होत नाहीये गं?" त्या म्हणाल्या.

मी त्यांच्या मागे, दारात होते. म्हटलं, "झाली की मावशी. आत्ताच तर झाली."

त्या प्लास्टिककडे बघत राहिल्या. मी पुन्हा सांगितलं, जरा मोठ्याने. मग आणखी एकदा सांगायला तोंड उघडलं आणि मिटून घेतलं.

त्या घरात राहायला आल्यापासून दर शुक्रवारी मी एक वाक्य ऐकत आले होते. "अजान झाली, तेल ठेवते." ती अजान त्यांनी कधी ऐकलेलीच नव्हती. माणसं मशिदीकडे निघाली की त्यांना खिडकीतून दिसायची, एवढंच.

मी पुढे जाऊन त्यांच्या समोर उभी राहिले. "अजान झाली," मी म्हटलं. त्यांनी आधी माझ्या ओठांकडे पाहिलं, मग डोळ्यांकडे. मला काय कळलंय ते त्यांना कळलं. त्यांनी लायटर उचलला, गॅस पेटवला आणि कढईकडे बघत म्हणाल्या, "माझ्या मुलाला सांगायचं नाही."

मावशी माझ्या नात्यातल्या नव्हत्या. शारजातल्या एका शाळेत मी लायब्ररी सांभाळते. तिथली भाडी परवडेनात म्हणून शेजारच्या अजमानला खोली शोधत होते, तेव्हा महाराष्ट्र मंडळातल्या एका बाईंनी त्यांचा पत्ता दिला. घर दोन बेडरूमचं. त्यांचे यजमान तिथेच वारले होते आणि त्यानंतर त्या एकट्या राहत होत्या. मी पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांनी मला सोफ्यावर न बसवता स्वतःच्या समोर खुर्चीवर बसवलं.

"रात्री दिवा किती वेळ चालू असतो?"

"वाचत असते. थोडा वेळ चालतो."

"वाच. पण वाचलेलं मला सांगत बसायचं नाही."

मला घर फार आवडलं. बोलणाऱ्या माणसांचा मला थकवा येतो. मावशी स्वतः पुष्कळ बोलायच्या, पण समोरच्याकडून उत्तराची अपेक्षा नसायची. त्या विचारायच्या आणि उत्तरही त्याच द्यायच्या. "आज उशीर झाला? बस मिळाली नसेल. जेवलीस? नसशीलच." मला ही पद्धत सोयीची वाटली. त्यांनी ती सोयीसाठीच बसवली होती हे समजायला ते प्लास्टिक लागलं.

त्यांच्या घराचे काही नियम होते. पाठीमागून हाक मारायची नाही. "समोर ये आणि बोल. पाठीमागून चोर बोलतात." दाराची बेल वाजवायची नाही, मोबाइलवर मिस्ड कॉल द्यायचा. तो फोन त्या पोलक्यात खोचून ठेवत आणि तो थरथरला की दार उघडत. बेलच्या आवाजाने डोकं दुखतं असं कारण त्यांनी सांगितलं होतं. टीव्ही लावायचा तो आवाज बंद करून. "तोंडं बघितली की पुरे, खोटं कोण बोलतंय ते दिसतं." आणि स्वयंपाकघरात तळण चालू असताना कोणी एक अक्षर बोलायचं नाही. तेल काय सांगतंय ते ऐकावं लागतं, असं त्या म्हणायच्या. बिल्डिंगमधल्या बायका त्यांना विक्षिप्त म्हणत. केरळी दुकानदार त्यांना "अमेरिका आंटी" म्हणायचा.

अमेरिका हे खरं होतं. लग्नानंतरची पहिली काही वर्षं त्यांनी जॉर्जियातल्या एका लहान गावात काढली होती. यजमान सूतगिरणीची मशीनं बसवायला गेले होते. शेजारी एक म्हातारी काळी बाई राहायची. दर रविवारी चर्चमधून आली की टोपी न काढताच ती बिडाच्या कढईत कोंबडी तळायला उभी राहायची. मावशींना तेव्हा इंग्रजी धड येत नव्हतं आणि शेजारणीचं इंग्रजी तर मुळीच कळत नव्हतं. "मग शिकलात कशा?" मी एकदा विचारलं होतं, समोर बसून. "तिने मला कढईपाशी उभं केलं, खांद्यावर हात ठेवला आणि बोट स्वतःच्या कानाला लावलं. खलास. तेवढाच धडा."

ती कोंबडी कशी करायची ते मी सांगू शकते. त्यात गुपित असं काही नाही. कोंबडी लहान घ्यायची, मोठी बाहेरून करपते आणि हाडाशी कच्ची राहते. आदल्या रात्री ताकात बुडवून ठेवायची. आपलं ताक फार पातळ. दुकानात मिळतं ते लबन दाट असतं, शेजारणीच्या ताकाच्या जवळ जाणारं. सकाळी निथळायची. मैद्यात मीठ, पुष्कळ मिरपूड, किंचित लाल तिखट. तुकडे घोळवायचे आणि मग लगेच तळायचे नाहीत. ताटात तसेच ठेवायचे, वरचा मैदा ओलसर दिसायला लागेपर्यंत. त्यानंतर तेल, आधी तंगड्या आणि मांड्या, मग छातीचे तुकडे. मसाला नाही, आलं-लसूण नाही. "आपल्याकडे कोंबडीला कोणी विचारतच नाही, मसाल्यालाच विचारतात," त्या म्हणायच्या. एका बाबतीत मात्र त्यांच्या माहेरचा हात सुटला नाही. ताकात घालायच्या आधी कोंबडीला हळद-मीठ चोळून धुतल्याशिवाय त्यांना ती शिजवायला योग्यच वाटायची नाही. त्यामुळे त्यांच्या कोंबडीचं कवच सोनेरीच्या जरा पुढे जाऊन पिवळं दिसायचं. शेजारणीने पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिला वाटलं ह्या मुलीला कावीळ झालेली कोंबडी विकली कोणीतरी.

गल्फमध्ये आल्यावर त्यांनी शेजारणीचा रविवार शुक्रवारी आणला, कारण तेव्हा इथे शुक्रवारी सुट्टी असायची. पुढे सरकारने शनिवार-रविवार सुट्टी केली. मुलगा म्हणाला, आई, आता रविवारी करत जा, मला शुक्रवारी यायला जमत नाही. त्या म्हणाल्या, "एकदा बदलला मी वार. आता सरकारसाठी बदलणार नाही." मग तो शुक्रवारी अर्ध्या दिवसानंतर जमेल तसा यायचा.

मुलगा दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या एका फॅक्टरीत मॅनेजर होता आणि तिथेच जवळ राहायचा. सडपातळ, चष्मा लावणारा, फार हळू बोलणारा माणूस. त्याच्या बायकोच्या घरात अंडंसुद्धा चालत नव्हतं. ती वाईट नव्हती. "आई, आमच्याकडे राहायला या ना," ती दर वेळी म्हणायची, "फक्त शुक्रवारचं तेवढं सोडा."

"शुक्रवारचं सोडलं तर मी येऊन काय करू? सोफा झाकू?"

मावशींचा व्हिसा मुलाच्या नावावर होता. आईवडिलांचा व्हिसा इथे दर वर्षी पुन्हा काढावा लागतो. म्हणजे दर वर्षी एकदा त्यांच्या मुलाला ठरवावं लागायचं की आईला इथे ठेवायचं की नाही. मावशींना हे माहीत होतं. वर्षभर त्या वाघासारख्या वागायच्या आणि तो महिना आला की मुलाला जरा जास्त वाढायच्या.

त्या वर्षी मुलाचा आईला परत पाठवायचा विचार पक्का होत आला होता आणि त्याला कारण होतं.

काही महिन्यांपूर्वी बिल्डिंगचा फायर अलार्म वाजला होता. मी लबन आणायला खाली गेले होते. परत आले तर सगळी बिल्डिंग पार्किंगमध्ये उभी. लेकरं, म्हातारे, पिंजऱ्यातले पोपट, गाऊनवरच्या बायका. मी मावशींना शोधलं, त्या नव्हत्या. फोन लावला, उचलला नाही; तळताना तो पोलक्यात नसायचा. पेशावरकडचा आमचा नातूर, म्हणजे बिल्डिंगचा वॉचमन, छातीवर हात ठेवून म्हणाला, "आंटी ऊपर है," आणि जिन्याने धावत सुटला. लिफ्ट बंद होत्या. मी त्याच्या मागे निघाले तर लोकांनी मला धरून ठेवलं. वर पाहिलं. आमच्या स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती आणि तिच्यातून पांढरा धूर येत होता. तळणाचा की आगीचा, खालून कळत नव्हतं.

नातूरने आपल्या किल्लीने दार उघडलं. मावशी कोंबडी उलटत होत्या. मागे वळल्या तर घरात परका माणूस, घामाने भिजलेला, हातवारे करणारा. त्यांनी चिमटा उगारला आणि म्हणाल्या, "चप्पल बाहर!" त्या बिचाऱ्याने खरोखर चपला बाहेर काढल्या आणि पुन्हा आत येऊन हात जोडले. तोपर्यंत खाली कळलं होतं की तिसऱ्या मजल्यावर कोणाचे तरी पाव जळाले होते.

संध्याकाळी मुलगा आला. मॅनेजमेंटने त्याला फोन केला होता.

"आई, अलार्म वाजत होता."

"वाजू दे. तळण अर्धवट टाकून कोणी जातं का?"

"अगं, आग असती तर?"

"असती तर दिसली असती. मी आंधळी आहे का?"

आम्ही सगळ्यांनी हे मान्य केलं, कारण ते अगदी त्यांच्यासारखं होतं. मुलाने मात्र केलं नाही. त्यानंतर त्याने नाशिकजवळच्या एका जागेची चौकशी केली. वृद्धांसाठी चांगली सोसायटी होती, डॉक्टर होते, बाग होती, सकाळी भजन होतं. त्याने मोबाइलवर फोटो दाखवले.

"स्वयंपाकघर कुठंय?"

"मेस आहे ना आई. सगळं हातात मिळतं."

"मग ते हॉस्टेल आहे. हॉस्टेलला जायचं माझं वय नाही."

तो निघताना दारात मला म्हणाला, "तुम्ही असता घरात म्हणून बरं आहे, ताई. पण तुम्ही तरी किती बघणार? मला रात्री झोप लागत नाही." तो खोटं बोलत नव्हता. त्याचे डोळे सुजलेले होते.

त्यामुळे त्या प्लास्टिकच्या शुक्रवारी त्यांनी माझ्याकडे काय मागितलं ते मला नीट कळलं होतं. मी म्हटलं, "मावशी, मशीन मिळतं कानाला. इथेच क्लिनिक आहे."

"मशीन दिसतं. ते दिसलं की तो मला विमानात बसवेल. बहिरी बाई, एकटी, गॅसपाशी. तूसुद्धा बसवशील." मग त्या म्हणाल्या, "एक कान पूर्ण गेलाय. दुसऱ्यात फक्त घूंघूं आहे. तेलाचं पहिलं एक चुर्र ऐकू येतं, नंतर काही नाही."

"मग तळता कशा?"

त्यांनी त्याचं उत्तर दिलं नाही. "व्हिसाच्या आधी तो एकदा जेवायला येणार," त्या म्हणाल्या. "उभा राहून बघणार. त्या दिवशी काही करपलं, काही सांडलं, तर झालं. तू माझे कान हो."

मग शुक्रवारी माझी शिकवणी सुरू झाली. मला फ्रीजपाशी उभं राहायचं होतं, तिथून त्यांना मी डोळ्यांच्या कोपऱ्यातून दिसे. आवाज बदलला की फ्रीजवर हात ठेवायचा, म्हणजे त्या तुकडा उलटणार. पुन्हा बदलला की हात खाली घ्यायचा, म्हणजे काढणार. अडचण अशी होती की मला आवाज कळत नव्हता. मला सगळं एकच चुरचुरणं वाटायचं.

"नीट ऐक," त्या म्हणायच्या. ज्या बाईला ऐकू येत नाही ती मला ऐकायला शिकवत होती. "आधी बाजार भरल्यासारखं होतं. सगळे एकदम ओरडतात. मग पंगत बसल्यासारखं, वाढपी, भांडी, बोलणं, पण ओरडणं नाही. तेव्हा उलटायचं. मग पंगत उठते. मग दोघीच उरतात कोपऱ्यात बोलत. तेव्हा काढायचं. दोघी गप्प झाल्या की कोंबडी गेली."

पहिल्यांदा मी पंगतीलाच हात खाली घेतला. तंगडी हाडाशी लाल निघाली. मावशींनी ती माझ्या ताटात वाढली. "खा. चुकीची चव लक्षात राहते." दुसऱ्यांदा मला भीती वाटली म्हणून मी उशीर केला आणि कवच काळं झालं. त्यांनी घड्याळाखालच्या कॅलेंडरकडे पाहिलं. तो महिना जवळ येत होता. मी शाळेत पुस्तकांना शिक्के मारताना मनात बाजार, पंगत, दोघी म्हणत असे.

मला त्या काळात आणखी एक भीती होती आणि ती कोंबडीची नव्हती. गरम तेल, वाकलेली म्हातारी बाई, मागून आलेल्या माणसाची चाहूल न लागणारी. मी त्यांच्या मागून जाणं बंद केलं. फ्रीजकडे जाताना लांबून वळसा घालायचे, आधी त्यांच्या नजरेत यायचे, मग हलायचे. आजही मी लोकांच्या पाठीमागून जात नाही.

मुलगा रजा काढून सुनेला घेऊन आला तो शुक्रवार उन्हाचा होता. एसी चालू असून स्वयंपाकघरात घाम येत होता. सून हॉलमध्ये टेबलाशी बसली, तिने स्वतःचा दहीभाताचा डबा आणला होता. मावशींनी ताटात तुकडे मांडले. प्लास्टिक निघालेलं होतं. माणसं मशिदीकडे निघाली. "अजान झाली, तेल ठेवते," त्या म्हणाल्या.

मी फ्रीजकडे वळले आणि मुलगा माझ्या आधी तिथे जाऊन टेकून उभा राहिला.

"तुम्ही बसा ना ताई. आज मी बघतो आईकडे."

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. मी हॉलच्या दारात होते, तिथून मी त्यांना दिसणार नव्हते. "हलव रे तुझं धूड तिकडून," त्या मुलाला म्हणाल्या, "फ्रीज उघडायचाय मला." त्याने फ्रीज उघडून काय हवं विचारलं. त्यांनी लिंबू सांगितलं. त्याने लिंबू दिलं आणि तिथेच उभा राहिला.

पहिली तंगडी तेलात गेली. बाजार भरला. मी दाराची चौकट धरली होती. बाजार चालला, खूप वेळ चालला, मग एका क्षणी ओरडणं कमी झालं. पंगत. मी मनात म्हटलं, आता. मावशींचा हात हलला नाही. चिमटा तंगडीला नुसता टेकवलेला होता. मी पाऊल उचललं, काहीतरी निमित्त काढून आत जावं म्हणून, आणि तेवढ्यात त्यांनी तुकडे उलटले. एकेक करून, सावकाश. खालची बाजू पिवळसर सोनेरी निघाली.

मग पंगत उठली. दोघी उरल्या. मावशींनी चिमटा टेकवला, क्षणभर थांबल्या आणि तुकडे काढून जाळीवर ठेवले. बरोबर त्या वेळी. माझ्याकडे न बघता, कोणाहीकडे न बघता.

 झालं, मला वाटलं. वाचल्या.

त्यांनी दुसरा घाणा सोडला. मुलगा त्यांच्या पाठीकडे बघत होता. चष्मा काढून त्याने पुसला आणि पुन्हा लावला. मग त्याच्या नेहमीच्या हळू आवाजात तो त्या पाठीशी बोलला. तो तोंडावर सांगू शकत नव्हता, म्हणून त्याने असं सांगितलं असावं.

"आई, या वेळी मी व्हिसा रिन्यू करत नाहीये."

हॉलमध्ये सुनेचा चमचा थांबला.

ओट्यावरच्या चिमणीचं स्टील चकचकीत होतं. त्यात मावशींना त्याचे ओठ हलताना दिसले असावेत. त्या वळल्या नाहीत. नेहमीच्या उत्साहाने म्हणाल्या, "हो हो, ठेवलीय. मांडी तुझ्यासाठीच बाजूला ठेवलीय."

तो सरळ उभा राहिला. त्याने माझ्याकडे पाहिलं. मग पुन्हा त्यांच्या पाठीला म्हणाला, "आई, मी तुला नाशिकला पाठवतोय."

"हो रे बाबा. लिंबूही कापते."

तेल तेवढं बोलत होतं. सून उठून दाराशी आली होती, तिचा हात तोंडावर होता. मुलाने मला विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?" मी होकारार्थी मान हलवली. तो रागावेल असं मला वाटलं. तो रागावला नाही. तो ओट्याला वळसा घालून खिडकीच्या बाजूने त्यांच्या समोर गेला आणि म्हणाला, "आई, तुला ऐकू येत नाही."

मावशींनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. मग गॅस बंद केला. तुकडे तेलात असताना गॅस बंद केलेला मी फक्त त्या दिवशीच पाहिला. तेलातले बुडबुडे विझत गेले.

"येतं," त्या म्हणाल्या. "तुझं येत नाही. तू लहानपणापासून हळू बोलतोस."

"आई..."

"बाकी सगळ्यांची तोंडं वाचता येतात. तू बोलताना तोंडच उघडत नाहीस. किती वेळा सांगितलंय तुला."

तो हसला की रडला ते मला सांगता येणार नाही. चष्म्यावर वाफ धरली होती. "अलार्म वाजला तर काय करशील तू?" तो म्हणाला. "ही ताई नसेल घरात. नातूर नसेल. काय करशील? मी तिकडे फॅक्टरीत. मला फोन येणार की तुमची आई गेली. हेच ऐकायचं का मी?"

हे सगळं तो तोंड उघडून, मोठ्याने, त्यांच्या समोर बोलला. मावशींनी शब्दन् शब्द वाचला. त्यांचा चेहरा पहिल्यांदाच उतरलेला मी पाहिला. पदराला हात पुसत त्या म्हणाल्या, "दिवा लावतात त्याला. अलार्मला. टीव्हीवर पाहिलाय मी. लाल, उघडमीट करणारा. बहिरी माणसं काय सगळी नाशिकला राहतात?"



मग सून पुढे आली. ज्या घरात तिने कधी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नव्हतं, तिथे ती कढईशेजारी येऊन उभी राहिली, मावशींच्या समोर, आणि नीट तोंड उघडून म्हणाली, "आई, मशीन लावाल का कानाला? लावलंत तर मी ह्यांच्याशी बोलते."

"तळताना काढून ठेवीन."

"चालेल."

"मग लावते," मावशी म्हणाल्या आणि मुलाकडे वळल्या. "आणि तू काय घाणा वाया घालवायला आलायस? खा आधी. त्या जाळीवरचं गरम आहे तोवर खा. मग ओरड."

तो ओट्यापाशी उभा राहूनच खाऊ लागला. कवच मोडल्याचा आवाज आम्हा तिघांना आला. मावशी त्याच्या जबड्याकडे बघत होत्या.

ते दोघं गेल्यावर मी त्यांना विचारलं, समोर बसून, "मी दिसत नव्हते तुम्हाला. मग कळलं कसं?"

"चिमट्यातून. तुकड्याला टेकवला की हाताला मुंग्या येतात. मुंग्या कमी झाल्या की उलटायचं. थांबत आल्या की काढायचं. कान गेल्यावर हळूहळू कळायला लागलं."

"मग मला कशाला उभं करत होता फ्रीजपाशी, इतके शुक्रवार?"

"तुला शिकवायचं होतं. अशी बोलावली असती तर आली असतीस का पुस्तकातून डोकं काढून? म्हणाली असतीस, मावशी, मला सांगा, मी लिहून घेते."

मी असंच म्हणाले असते.

व्हिसा झाला. मुलाने स्वतः स्टुलावर चढून गॅसच्या वर आणि त्यांच्या पलंगाशी लाल दिवे बसवले. मावशी त्यांना आकाशकंदील म्हणायच्या आणि पाहुण्यांना दाबून दाखवायच्या. कानातलं मशीन त्या फक्त मुलगा यायचा तेव्हा लावत. त्यात त्यांना मिक्सर, चपला आणि मुलगा सगळे एकाच सुरात ऐकू येत, असं त्यांचं म्हणणं होतं. पण तो आला की त्या त्याच्या समोर बसत, आणि तो तोंड उघडून बोले. सून येताना आता दहीभाताचा डबा आणत नसे, मावशी तिच्यासाठी वेगळ्या भांड्यात, वेगळ्या तेलात कोबीची भजी तळत.

पुढचा व्हिसा काढायची वेळ आली नाही. त्याच्या आधीच एका सकाळी, मी शाळेला निघताना, त्या उठल्या नव्हत्या. मी नेहमीप्रमाणे पलंगाला वळसा घालून त्यांच्या समोर जाऊन उभी राहिले. मग मुलाला फोन केला. तो म्हणाला, "जरा मोठ्याने बोला, ताई." मी मोठ्याने बोलले.

दहन इथेच झालं. अस्थी घेऊन मुलगा नाशिकला गेला आणि गोदावरीत सोडून आला. परत आल्यावर त्याला त्यांचा व्हिसा रद्द करायचा होता. ऑफिसात त्याच्याबरोबर सून गेली.

फ्लॅटचा करार आता माझ्या नावावर आहे. मी अजून माझ्या लहान खोलीतच झोपते. त्यांची खोली मी कोणाला दिलेली नाही.